तक्रार कोणाच्या टेबलावर होती?

धामणगाव रेल्वेहून वर्धा नदी ओलांडली की पुलगाव. तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर आग लागली. आगरगाव, नागझरीची माणसे लेकरांना घेऊन अंधारात घराबाहेर पडली. १९ जणांचा जीव गेला. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, आणि बहुतेक जण भांडाराच्या अग्निशमन दलाचे. अग्निसुरक्षेच्या आपल्याच व्यवसायातली ही माणसे आग विझवायला धावली आणि साठ्याचा स्फोट झाला.

तपास रणगाडाविरोधी सुरुंगांपाशी येऊन पोहोचला. त्यांतून टीएनटी पाझरत होते. शुद्ध टीएनटी ८० अंशांच्या आसपास वितळते, पण त्यात अशुद्ध घटक राहिले तर बऱ्याच कमी तापमानाला तेलकट द्रव सुटतो आणि फटींतून बाहेर येतो. वऱ्हाडातला आणि वर्ध्याकडचा मे महिना काय असतो, हे तुम्हाला सांगायला नको. हे पाझरणे काही त्या रात्री सुरू झाले नव्हते. सुरुंग सदोष असल्याची तक्रार आधीपासून कागदावर होती. सैन्य कारखान्याच्या मालाकडे बोट दाखवत होते, कारखान्याची बाजू साठवणुकीकडे. माल मात्र शेडमध्येच राहिला.

अशा वेळी चौकशीचा पहिला प्रश्न असतो, ड्युटीवर कोण होते? तो विचारलाच पाहिजे. पण चौकशी तिथेच थांबली, की शेवटचा हात ज्याचा लागला त्याच्या माथी सगळे खापर फुटते. तक्रार कोणाच्या टेबलावर, किती महिने पडून होती, हा दुसरा प्रश्न मग कुणी विचारत नाही.

बडगामचे उदाहरण घ्या. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी आपल्याच क्षेपणास्त्राने हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. सहा जवान आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यांत होते. ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. ते त्यांनी केले, हे चांगलेच झाले. २०२३ मध्ये कोर्ट मार्शलने एका ग्रुप कॅप्टनला बडतर्फीची शिक्षा सुनावली आणि प्रकरण न्यायालयात गेले. नियम मोडले असतील तर शिक्षा हवीच. पण हेलिकॉप्टरची ओळख पटवणारी यंत्रणा त्या वेळी बंद का होती, हा प्रश्न एका माणसाच्या बडतर्फीने सुटत नाही.

उलट टोकाचे उदाहरण ॲडमिरल डी. के. जोशी यांचे. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळ सिंधुरत्न पाणबुडीत धूर होऊन दोन अधिकारी गेले. नौदलप्रमुखांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि सरकारने तो लगेच स्वीकारला. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे, ही व्यवस्थाच बिघडलेली आहे, असे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले. त्यांच्या सचोटीबद्दल मला आदर आहे. तरीही, सर्वांत वरचा माणूस गेला म्हणून मधली साखळी तपासली गेली असे होत नाही.

आता आपल्या घरात पाहू. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या जिनिंगमध्ये आग लागली की पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किट’ येते, नाहीतर मजुराची बिडी. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासून ठिणगी पडते, हे फिटरला ठाऊक असते. चुंबक बसवा, असे त्याने हंगामाच्या सुरुवातीला सांगितलेलेही असते. पण तोंडी. म्हणून चौकशीच्या दिवशी त्याच्या सांगण्याला किंमत उरत नाही, आणि नोकरी जाते ती त्याचीच.

पुलगावात २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा स्फोट झाला. निकामी दारूगोळा नष्ट करताना सहा जण गेले, त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. प्रत्येक वेळी चौकशी जाहीर होते. पण कामगारांना, शेजारच्या गावांना आणि आपल्यासारख्यांना शिकण्यासाठी पूर्ण अहवाल हाती पडत नाही. लष्करी गुपिते झाकावीत, ते समजू शकते. दोष कधी कळवला गेला आणि निर्णय कोणत्या पदापाशी थांबला, यात गुपित कसले?

सुरक्षा अधिकाऱ्यांना आणि अग्निशमन केंद्रांच्या प्रमुखांना माझी विनंती आहे. दोष दिसला की लेखी कळवा, पोच घ्या, आणि उत्तर आले नाही तर तसेही नोंदवा. चौकशी समितीवर बसाल तेव्हा अपघाताच्या दिवसापासून नव्हे, पहिल्या तक्रारीच्या तारखेपासून अहवाल लिहायला घ्या.