साहेब मिटिंगमध्ये आहेत!

एका दाखल्यासाठी मजुरी बुडवून पहिल्या एस.टी.ने तालुक्याला आलेला शेतमजूर कचेरीत हेच वाक्य ऐकतो आणि मुकाट्याने बाकावर बसतो.

२९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाने पाच दिवसांचा आठवडा सुरू केला व त्या बदल्यात कर्मचाऱ्यांचे रोजचे काम ४५ मिनिटांनी वाढविले. ही पाऊण तासाची ठेव जनतेची आहे. ती बैठकीत कशी उधळली जाते, हे पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात मार्मिकपणे दाखविले आहे. त्याची काल्पनिक समिती प्रचंड खर्चाची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते. सायकलींच्या शेडवर मात्र ४५ मिनिटे काथ्याकूट करते. कारण शेड सर्वांनाच कळते!

दहा जण पाऊण तास बसले की साडेसात तास, म्हणजे जवळजवळ एका माणसाचा पुरा दिवस खर्ची पडतो. तेवढ्यात कितीतरी दाखले निघाले असते. नुसती माहितीच द्यायची असेल तर परिपत्रक पुरे. निर्णय घ्यायचा असेल तरच बैठक बोलवावी. कार्यक्रमपत्रिका आधी द्यावी, उठण्याची वेळही ठरवावी.

ही शिस्त स्नेहसंमेलनाच्या समितीपासूनच अंगी बाणवू या. उद्या त्या खुर्च्यांवर आपल्यापैकीच काही जण बसणार आहेत.