रेडिओ ठणठणीत, तरी बदला! हौशी पायलटांना महाग पडलेला नियम

समजा, तुमचा फोन मस्त चालतोय. स्क्रीन शाबूत, बॅटरीही चांगली. आणि कोणीतरी सांगितलं, अमुक तारखेनंतर हा चालणार नाही, नवा घ्या. युरोपातल्या हौशी पायलटांचं नेमकं हेच झालं. फक्त फोनच्या जागी विमानातला रेडिओ होता.

बदल काय झाला?

पायलट आणि एअर ट्रॅफिक कंट्रोल यांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. तिथे दर २५ किलोहर्ट्झला एक, असे ७६० चॅनेल होते. प्रवासी विमानांची गर्दी वाढली आणि चॅनेल पुरेनात. मग एका चॅनेलच्या जागेत तीन बसवले. २५ भागिले ३, म्हणजे ८.३३. एकूण चॅनेल झाले २२८०.

खूप उंचावरून जाणाऱ्या विमानांसाठी हे १९९९ पासूनच सुरू झालं होतं. २०१२ च्या युरोपियन नियमाने ते खालच्या आकाशातही आणलं. १ जानेवारी २०१८ पासून, काही अपवाद सोडले तर, छोट्या विमानांनाही ८.३३ वाला रेडिओ लागू लागला.

सॉफ्टवेअर अपडेट मारून भागत नाही का?

नाही. ४जी फोन अपडेटने ५जी होत नाही, तसंच हे. जुन्या रेडिओचा सिग्नल रुंद असतो, तो शेजारच्या चॅनेलवर सांडतो आणि तिथलं बोलणं बिघडवतो. मामला हार्डवेअरचा आहे. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या नियम बरोबरच आहे.

मग अडलं कुठे?

पैशात. हौशी पायलट म्हणजे श्रीमंत, असं आपल्याला वाटतं. पण ब्रिटनमध्ये पन्नास वर्षं जुनं सेस्ना १५० पाच-सहा जण मिळून घेतात आणि वर्षाकाठी थोडे तास उडवतात. पॅनेलमधला नवा रेडिओ बसवायचा तर खर्च सहज हजार पौंडांच्या वर जातो. हातातला रेडिओ स्वस्त पडतो, पण त्याची रेंज कमी आणि बॅटरीची चिंता वेगळीच.

युरोपियन निधीतून ब्रिटनमध्ये रेडिओच्या किमतीचे सुमारे २० टक्के परत मिळाले. गंमत बघा, २०२० मध्ये तिथेच, आपलं विमान कुठे आहे हे आसपासच्या विमानांना कळवणाऱ्या उपकरणांसाठी निम्मी किंमत परत देण्याची योजना आली, कमाल २५० पौंड. ही उपकरणं ऐच्छिक होती. म्हणजे सक्तीच्या वस्तूला पाचवा हिस्सा आणि ऐच्छिक वस्तूला निम्मा!

खरा धोका

ब्रिटनच्या अनियंत्रित हवाई हद्दीत बहुतेक ठिकाणी रेडिओशिवाय उडणं कायदेशीर आहे. त्यामुळे ज्याला नवा रेडिओ परवडत नाही, त्याच्यापुढे एक फुकटचा पर्याय उरतो: गप्प बसून उडायचं. आणीबाणीची १२१.५ ही फ्रिक्वेन्सी जुन्याच २५ च्या पद्धतीवर आहे, तेवढाच दिलासा. पण आणीबाणी यायच्या आधीच "मी डावीकडून येतोय" हे सांगता यायला हवं ना?

चॅनेलची टंचाई मुख्यतः मोठ्या विमानांच्या गर्दीमुळे झाली, खिसा मात्र छोट्यांचाही तितकाच कापला गेला. माझं मत साधं आहे: सुरक्षेसाठी एखादी वस्तू सक्तीची करायची असेल, तर मदतही आधी तिलाच आणि जास्त मिळायला हवी. नाहीतर चॅनेल तिप्पट होतील, पण त्यावर बोलणारे कमी होतील.