भिंत पाडू नका, खेपा मोजा

सर्व्हर मंद झाला की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: बूट करताना प्रोसेसरमधल्या त्रुटींवरची संरक्षणं बंद करणारं 'मिटिगेशन्स=ऑफ' लिहा आणि मोकळे व्हा. त्याच पंथातले जरा अधिक वाचलेले लोक म्हणतात, कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्यातली भिंतच जुनाट आहे. ती ओलांडण्यात प्रोसेसरचा वेळ फुकट जातो, तेव्हा तिला वळसा घाला किंवा सरळ पाडा. सिस्टिम कॉलचा खर्च कमी व्हायला हवा, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो त्या खर्चाचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं याबद्दल.

पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. फाइल वाचायची, नेटवर्कवर काही पाठवायचं, जास्तीची मेमरी हवी, अशा प्रत्येक वेळी प्रोग्रॅमला कर्नलकडे विनंती करावी लागते. मग प्रोसेसर अधिकाराची पातळी बदलतो, कर्नल रजिस्टर जपून ठेवतो, आलेली विनंती तपासतो, काम करतो आणि सगळं होतं तसं लावून परततो. साधं फंक्शन बोलवायला एक-दोन नॅनोसेकंद पुरतात. काहीच काम नसलेल्या सिस्टिम कॉललाही शंभर ते काहीशे लागतात. हार्ड डिस्कच्या जमान्यात हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, कारण डिस्कचं हेड जागेवर यायलाच काही मिलिसेकंद, म्हणजे लाखो नॅनोसेकंद जायचे. आता 100 गिगाबिटच्या नेटवर्क कार्डावर सर्वांत लहान पॅकेटं पूर्ण वेगानं आली, तर एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम सात नॅनोसेकंद येतात. पॅकेटमागे एक सिस्टिम कॉल, हा हिशेब तिथे बसूच शकत नाही. शिवाय खर्च दिसतो तेवढाच नसतो. टोरांटो विद्यापीठातल्या लिव्हिओ सोआरेस आणि मायकेल स्टम यांनी 2010 मध्ये दाखवून दिलं, की कर्नल आपल्या कामासाठी कॅशे वापरतो तेव्हा प्रोग्रॅमची तिथली माहिती बाहेर ढकलली जाते, आणि परतल्यावरही प्रोग्रॅम काही काळ रेंगाळत चालतो.

इथवर सगळं मान्य. घसरण होते ती पुढच्या पायरीवर: ओलांडणं महाग आहे, म्हणून भिंत नको. हे ज्यांनी खरोखर करून पाहिलं त्यांचा इतिहास उपलब्ध आहे, आणि तो या पंथाच्या बाजूने फारसा बोलत नाही.

मायक्रोसॉफ्टनं 1996 च्या विंडोज एनटी 4.0 मध्ये खिडक्या सांभाळण्याचं आणि चित्रं काढण्याचं काम वेगळ्या प्रोसेसमधून उचलून कर्नलमध्ये नेलं. कारण हेच, जाण्या-येण्याचा खर्च. स्क्रीन चपळ झाली, यात शंका नाही. पण त्याच सामानातून फॉन्टच्या फाइली वाचणारा कोडही सर्वाधिकाराच्या जागी जाऊन बसला. फॉन्टची फाइल म्हणजे बाहेरून, कुणाकडूनही येणारी वस्तू. 2011 मध्ये उघडकीला आलेल्या डुकू या हेरगिरीच्या मालवेअरनं नेमकं तेच दार वापरलं: वर्डच्या फाइलीत दडवलेला एक ट्रूटाइप फॉन्ट, आणि त्यातून थेट कर्नलवर ताबा. विंडोज 10 मध्ये फॉन्ट वाचण्याचं काम अखेर पुन्हा कर्नलबाहेर, एका बंदिस्त प्रोसेसमध्ये हलवावं लागलं. लिनक्सवाल्यांनीही हसू नये. 2.4 आवृत्तीत त्यांनी चक्क एक वेब सर्व्हर कर्नलच्या आत बसवला होता. बाहेरचे सर्व्हर तितकेच वेगवान होऊ लागले, आणि 2.5 मध्ये तो काढून टाकला गेला.

मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीची गोष्ट याहून बोचरी आहे. 2018 पर्यंत प्रत्येक प्रोग्रॅमच्या पेज टेबलात कर्नलची मेमरीही मांडून ठेवलेली असे. हात लावायला मनाई, पण मांडलेली. म्हणजे दर कॉलला पेज टेबल बदलायला नको. ही बचतही सिस्टिम कॉलच्या खर्चातलीच होती. मग कळलं, की इंटेलचे प्रोसेसर अंदाजानं पुढचं काम उरकताना ती मनाई उशिरा तपासतात आणि कर्नलमधली गुपितं कॅशेच्या खुणांवरून वाचता येतात. चूक प्रोसेसरची होती, कर्नल लिहिणाऱ्यांची नव्हे. भरपाई मात्र कर्नलला करावी लागली: लिनक्स 4.15 पासून पेज टेबलं वेगळी झाली आणि प्रत्येक खेप महागली.

आता मंडनाकडे येतो, आणि सुरुवात इथूनच. नेटफ्लिक्समध्ये असताना ब्रेंडन ग्रेगनं या महागाईचा अंदाज बांधला तेव्हा आकडा आला 0.1 ते 6 टक्के. एकाच उपायाच्या किमतीत साठपटीची तफावत का? कारण सेकंदाला किती सिस्टिम कॉल होतात, यावर मुख्यतः सगळं ठरत होतं. ज्याच्या खेपा कमी, त्याला नवी भिंत जवळपास फुकट पडली.

एक गिगाबाइटची फाइल 'डीडी' आज्ञेनं एकेक बाइट करून कॉपी केली, तर 214 कोटींहून अधिक सिस्टिम कॉल होतात. खेपेला शंभर नॅनोसेकंद धरले तरी निव्वळ जाण्या-येण्यात साडेतीन मिनिटं गेली. तीच फाइल 64 किलोबाइटच्या तुकड्यांनी नेली की कॉल उरतात सुमारे 33 हजार, आणि तोच खर्च काही मिलिसेकंदांवर येतो. भिंतीची एक वीटही हलवलेली नाही.

वेळ विचारण्याचं उदाहरण तर मला विशेष आवडतं. घड्याळ पाहणं हे गुपित नाही, मग त्यासाठी कर्नलमध्ये शिरायचं कशाला? लिनक्स व्हीडीएसओ नावाचा छोटा कोड आणि वाचण्यापुरतं खुलं केलेलं एक पान प्रत्येक प्रोग्रॅमच्या मेमरीत ठेवतो. वेळ तिथेच मिळते. काय खुलं करायचं ते कर्नलनं ठरवलं, हे महत्त्वाचं. हीच काटकसर भिंतीच्या अलीकडे परस्पर केली की काय होतं, तेही पाहिलेलं आहे. जीलिबसी ही लायब्ररी 'गेटपिड'चं उत्तर स्वतःजवळ जपून ठेवायची. नवी प्रोसेस थेट क्लोन कॉलनं जन्मली की ते उत्तर खोटं ठरे. 2017 च्या 2.25 आवृत्तीत ती युक्ती काढून टाकण्यात आली.

सोआरेस आणि स्टम हे पूर्वपक्षाचे लाडके साक्षीदार. पण त्यांची साक्ष पुरी वाचली पाहिजे. त्यांनी भिंत ठेवली, विनंत्या एका सामायिक पानावर जमा करायला लावल्या आणि कर्नलला त्या गठ्ठ्यानं उचलायला सांगितल्या. अपाचे 116 टक्क्यांपर्यंत वेगवान झालं, मायएसक्यूएल 40 टक्क्यांपर्यंत, आणि या प्रोग्रॅममध्ये एकही ओळ बदलावी लागली नाही. अशाच विचाराचं आज रोजच्या वापरात आलेलं रूप म्हणजे येन्स आक्सबोचं आयओ-यूरिंग, 2019 च्या लिनक्स 5.1 मधलं: एका रांगेत विनंत्या, दुसरीत उत्तरं.

अर्थात माझ्या पक्षाचं सोनंही शंभर नंबरी नाही. गूगलनं 2023 मध्ये जाहीर केलं, की कर्नलमधल्या त्रुटी शोधण्याच्या त्यांच्या बक्षीस योजनेत आलेल्या 60 टक्के हल्ल्यांनी आयओ-यूरिंगचाच आधार घेतला होता; त्यांनी ते क्रोमओएसमध्ये आणि स्वतःच्या सर्व्हरवर बंद केलं. माझ्या मते खेपा एकत्र करण्याची कल्पना यात हरत नाही. एकाच दारातून फार घाईनं फार तऱ्हेची कामं आत सोडली, तो दोष आहे.

सात नॅनोसेकंदांच्या त्या नेटवर्क कार्डाला डीपीडीके या लायब्ररीनं कर्नलला वळसा घालू द्यावा. मशीन त्याच एका कामाला वाहिलेलं असेल, एक कोअर सतत वाट पाहत शंभर टक्के राबलेला चालत असेल आणि कर्नलची नेहमीची फायरवॉल व निरीक्षणाची साधनं त्या कार्डापुरती सोडायची तयारी असेल, तर तो शहाणा सौदा आहे. पण चार ग्राहकांचे प्रोग्रॅम एकत्र चालणाऱ्या सर्व्हरवर संरक्षणं बंद करणं ही दुसऱ्याच्या तिजोरीवर केलेली बचत झाली.

म्हणून कर्नलवर आरोप ठेवण्याआधी चाचणीच्या मशीनवर 'एसट्रेस -सी' चालवा आणि कॉलच्या संख्येचा रकाना वाचा. वेळेच्या रकान्यावर विसंबू नका, एसट्रेस स्वतःच प्रोग्रॅमला फार मंद करतो. लॉगच्या प्रत्येक ओळीवर स्थानिक वेळ छापणारा प्रोग्रॅम असेल, तर एक गंमत बहुधा दिसेल: टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवलेलं नसलं की जीलिबसी दर वेळी टाइमझोनची फाइल बदलली का ते कर्नलला विचारते. सेकंदाला हजार ओळी, हजार चौकशा. ते व्हेरिएबल लिहून टाकलं की या चौकशा बंद होतात.