ड्रमवाल्यांची थट्टा

दारावर ड्रमवाला आला हे कसे ओळखावे? थाप हळूहळू जलद होत जाते! अमेरिकेतील ड्रम-बिगुल पथकांचे जुने सभासद एकत्र जमले की बिगुलवाले असे विनोद सुरू करतात. पहिल्या महायुद्धानंतर 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखांनी ही पथके गावोगावी उभी केली. १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे युवा पथकांची मोठी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली.

थट्टा जरूर करावी. पण आम्ही म्हणू, ड्रमवाल्याचा डावा हातही पाहावा. पूर्वी ड्रम एका खांद्यावरच्या पट्ट्याला तिरका लटके आणि चालताना पायावर आदळे. आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला साइड ड्रमवाला आठवा, वाचकहो! तिरक्या ड्रमवर नीट पडावी म्हणून डावी काठी तळहात वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरावी लागे. पुढे दोन्ही खांद्यांवर बसणारा सांगाडा आला, ड्रम सपाट झाला, पाय सुटला. काठी धरण्याची ती रीत मात्र कित्येकांनी आजही सोडलेली नाही. १९७० च्या दशकात तर टिंपनीसारखे अवजड नगारेही पोरे अंगावर घेऊन चालत.

त्यातल्या काहींना आता ऐकू कमी येते. विनोद दोनदा सांगावा लागतो. दुसऱ्यांदा सगळ्यांत मोठ्याने तेच हसतात.