गाडी सुटणार केव्हा?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळा झाडण्याचे काम माझ्या वाट्याला आले. सौभाग्यवती खाली स्टुलाशी उभ्या राहून मी देईन ते खोके घेत होत्या. खोकी देता देता मी दमलो आणि मोजता मोजता त्या. "सेहेचाळीस झाली," त्या म्हणाल्या, "आता यांतल्या किती गाड्या कधी रुळावर चढल्या, तेवढे सांगा."

वाचकहो, मी मनाशी हिशेब केला. उत्तर तीन आले. मी "पाच-सहा" म्हणालो.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझा छोट्या रेल्वेचा नाद ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. एचओ नावाचे एक माप आहे. त्यात गाडी खऱ्या गाडीच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याएवढी असते. रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर, इंजिन सुमारे वीतभर. विजेवर चालते आणि चालताना इतके गोड चालते, की मोठी माणसे गुडघ्यावर बसतात.

पहिले इंजिन घेतले तेव्हा मीही असाच बसलो होतो. पण इंजिनाला डबे हवेत. मालडबे आले, मग उतारूंनी काय पाप केले? वाफेचे इंजिन झाले, तर डिझेलवर अन्याय कशाला? शिवाय ‘मोजकीच काढली आहेत’ या तीन शब्दांपुढे माझी अक्कल नेहमीच हरत आली आहे. अशी दहा-बारा वर्षे गेली. मी होतो खेळगडी, त्याचा स्टोअरकीपर केव्हा झाला, हे माझे मलाच कळले नाही.

दोष सर्वस्वी माझा नाही, हे पटवण्यासाठी मी त्या दिवशी माळ्यावरूनच सौभाग्यवतींना इतिहास सांगितला. जर्मनीत ग्योपिंगन गावी मेर्कलिन नावाचे एक घराणे १८५९ पासून पत्र्याची भातुकली बनवीत असे. भातुकलीचे मर्म त्यांना ठाऊक होते. यंदा चूल घेतली, की पुढल्या नाताळात भांडी हवीत, त्याच्या पुढल्या नाताळात कपाट. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी हेच गणित आगगाडीला लावले. चावीची गाडी, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा रूळमार्ग आणि ठरावीक मापे. म्हणजे पुढे जे घ्याल ते आधीच्याला जुळणार. इंग्लंडात मेकॅनोच्या फ्रँक हॉर्नबींनी १९२० मध्ये चावीच्या गाड्या काढल्या आणि तिकडच्या मुलांच्याही याद्या लांबत गेल्या.

"म्हणजे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी भातुकली मांडली," सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि तुम्ही अजून भांडीच घेता आहात! निदान भात कधी शिजवणार?"

जमवण्यातही सुख आहे, हे मी नाकारणार नाही. कोणत्या इंजिनाला किती चाके, कोणत्या साली कोणता रंग, हे शोधताना रात्रीचे दोन वाजतात आणि माणूस शहाणाही होतो. पण माझे सुख पार्सल उघडल्यापासून ते पुन्हा बंद करेपर्यंतच टिकू लागले होते. खोके माळ्यावर गेले, की मी पुढच्या यादीकडे वळत असे.

या सगळ्यात मला खरा प्रश्न विचारणारे एकच गृहस्थ होते. ते म्हणजे आमचे अण्णा.

अण्णा दौंडच्या यार्डात शंटिंग जमादार होते. त्या काळी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडात तोंड फिरवावे लागे. एका टोकाचे इंजिन काढायचे आणि दुसऱ्या टोकाला लावायचे. शिवाय मालगाड्यांची जोडतोड वेगळी. अण्णांचे सारे आयुष्य या काढण्या-लावण्यात गेले. चार वर्षांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा मी मोठ्या दिमाखाने त्यांच्या हाती एक इंजिन दिले. ते त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "रूळ अरुंद आहेत रे याचे. ही आपली ब्रॉडगेज नव्हे."

मी थक्क झालो. एचओचे रूळ युरोपातल्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजावरून बेतलेले आहेत. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची. त्या हिशेबाने रुळांत सव्वाएकोणीस मिलिमीटर अंतर हवे. पावणेतीन मिलिमीटरचा फरक म्हाताऱ्याने नुसत्या नजरेने पकडला होता.

"पण झकास आहे," इंजिन परत देत ते म्हणाले. "सुटणार केव्हा?"

"खोली रिकामी झाली की, अण्णा." पुढल्या वर्षी मी म्हणालो, "डब्यांचा संच पुरा झाला की." त्याच्या पुढल्या वर्षी त्यांनी विचारलेच नाही.

माळा झाडला त्याच आठवड्यात अण्णांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू निघाला. चांगला पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने जपायची, असे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. अण्णा तिथे काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "तुझी ती गाडी. आता सुटली, तर दिसेल."

त्या रात्री मी माझे सर्वांत महागडे इंजिन काढले. आठ वर्षांत एकदाही न चालवलेले, कागदाचा वाससुद्धा न गेलेले. रुळावर ठेवले, वीज सोडली. इंजिन गुरगुरले, तापले आणि जागचे हलले नाही. आतल्या दंतचक्रांवरचे ग्रीस आठ वर्षांत वाळून डिंकासारखे घट्ट झाले होते. न वापरता ठेवले म्हणजे वस्तू जपली जाते, या माझ्या सिद्धांताचा तिथेच निकाल लागला. जुन्या खेळण्यांच्या बाबतीत तर याहून वाईट घडते. जस्ताच्या ओतीव भागांत शिशाची भेसळ राहून गेली असेल, तर ते खोक्यातल्या खोक्यात तडकून त्यांचा भुगा होतो.

शेवटी धावले ते माझे पहिलेच इंजिन. रंगाचे टवके उडालेले, एकदा नातीच्या हातून पडलेले, पण वापरातले!

खोली रिकामी झालेली नव्हतीच. स्वयंपाकघरातल्या कपाटाची उरलेली पाच फूट लांब, फूटभर रुंद फळी मी जेवणाच्या टेबलावर टाकली आणि तिच्यावर ‘इंगलनुक’ मांडले. अॅलन राइट नावाच्या इंग्रज हौशी गृहस्थांचा हा खेळ आहे. एका रुळाच्या दोन सांध्यांनी तीन लाइनी करायच्या. एकीत पाच डबे मावावेत, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. इंजिनाच्या बाजूला इंजिन आणि तीनच डबे उभे राहतील एवढीच जागा. डबे आठ. चिठ्ठ्या टाकून पाच उचलायच्या आणि ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने लांब लाइनीत गाडी लावायची. आठांतून पाच डबे ओळीने लावण्याच्या ६,७२० तऱ्हा होतात. रोज एक गाडी लावली, तरी अठरा वर्षे पुरतील. आणि एवढ्याला लागते काय? एक इंजिन आणि आठ डबे!

नातीने स्टीलच्या वाटीतून चिठ्ठ्या काढून मोठ्याने वाचल्या. मी कंट्रोलर हाती घेतला. अर्ध्या तासात मी सगळे डबे भलत्याच लाइनींत कोंडून ठेवले. दिव्याजवळ खुर्ची ओढून बसलेले अण्णा इतका वेळ गप्प होते.

"आता मी सांगतो तसे कर," ते म्हणाले. "दोन काढ. पुढे ने. सांधा बदल. मधल्या लाइनीत टाक. मागे ये... हळू... अरे हळू... बस!"

बोलताना त्यांचा उजवा हात आपोआप वर जाऊन खाली येत होता. हातात बावटा नव्हता एवढेच. माझा चहा निवायच्या आत गाडी लागली. एक डबा मी जरा जोरात आपटला, तेव्हा ते कळवळले. "असे करू नये. आतला माल फुटतो आणि बाहेरच्या माणसाचा हात जातो." मग त्यांनी दौंडच्या पावसाळी रात्री सांगितल्या. इतक्या वर्षांत त्या मी कधी ऐकल्या नव्हत्या, कारण कधी विचारल्याच नव्हत्या. कपलिंग नीट बसले की नाही, ते आवाजावरून कसे ओळखायचे, हे त्यांनी नातीला टेबलावर टिचकी मारून दाखवले. "रात्री यार्डात दिसायचे कुठे?" ते म्हणाले. "काम कानानेच."

त्यानंतर मी खोक्यांचा निकाल लावायला घेतला. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. नावाला ते संग्रहालय. पण पोरे तिथे तोंडाचा आ करून उभी राहतात ती गाड्या धावतात म्हणून. तोच कित्ता मी घरी गिरवला. आता आमच्याकडे नियम असा आहे, की वर्षातून एकदा जी गाडी धावणार नाही, तिने दुसऱ्या घरचे स्टेशन गाठावे. आणि नवी यायची तर आधी जुनी गेली पाहिजे. सेहेचाळीस खोक्यांची सतरा झाली. काही विकली, काही अशा मुलांकडे गेली, जी ती नक्की आपटतील. महागडे इंजिन मात्र मी ठेवले. त्याचे ग्रीस काढून, हलक्या तेलाचा थेंब देऊन ते चालते केले आहे.

नियम मोडलाच नाही, असे म्हणालो तर सौभाग्यवती हे सदर वाचतात. मार्चमध्ये एक ब्रेकव्हॅन आली. पण गार्डाशिवाय मालगाडी सोडायची कशी, असे खुद्द अण्णाच म्हणाले होते.

वर्षभरात अण्णांची नजर आणखी कमी झाली आहे. डब्यांचे आकडे आता नात वाचून दाखवते. ते डोळे मिटून ऐकतात आणि डबा सांध्यावरून गेला, की त्या आवाजावरून कोणत्या लाइनीत गेला ते सांगतात. मी अजून त्यांच्याएवढा लवकर गाडी लावू शकलेलो नाही. नात एकदा जिंकली आहे.

परवा आकाशकंदील लावून झाल्यावर मी वहीत पाहिले. ६,७२० गाड्यांपैकी आमच्या दोनशे चौदा लागल्या होत्या. ते ऐकून अण्णा हसले. "राहिलेल्या तुम्ही दोघे लावा," ते म्हणाले. मग वाटी नातीकडे सरकवून म्हणाले, "चल, काढ चिठ्ठ्या. गाडीला उशीर होतो आहे."