बिलात फेरतपासणीची ओळ हवी

३ जून १८६१. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलिपी येथील चकमकीत तोफेचा गोळा लागून जेम्स एडवर्ड हँगर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा पाय गेला. तो गुडघ्याच्या वरून कापावा लागला. लाकडी खुंटावर तो व्हर्जिनियातल्या घरी परतला आणि पिंपाच्या फळ्या तासून त्याने स्वतःसाठी गुडघ्यात वाकणारा पाय घडवला. त्यातून उभी राहिलेली हँगर कंपनी आज अमेरिकाभर शेकडो रुग्णसेवा केंद्रे चालवते. २०२२ मध्ये ती एका गुंतवणूक संस्थेने सुमारे १२५ कोटी डॉलरला विकत घेतली.

कंपनीच्या या वाढीपेक्षा तिच्या सुरुवातीकडे आपण अधिक लक्ष द्यावे. हँगरच्या बाबतीत पाय घालणारा आणि घडवणारा एकच होता. सॉकेट कुठे टोचते हे त्याला दुसऱ्या कुणाला सांगावे लागत नव्हते, आणि टोचले की हत्यार हाताशी होते. आपला रुग्ण मात्र गडचिरोलीहून नाहीतर नंदुरबारहून येतो, दिवसाची मजुरी बुडवून येतो, पाय घालून समांतर दांड्यांमध्ये चार फेऱ्या मारतो आणि संध्याकाळची एसटी पकडतो. त्यानंतर त्याच्या स्टंपचे काय होते, हे आपल्यापैकी किती जणांच्या नोंदवहीत असते?

काय होते, हे आपल्याला माहीत आहे. सूज उतरते, स्नायू आटतात, आकार बदलतो. महिन्यापूर्वी नेमके बसलेले पीटीबी सॉकेट सैल होते आणि स्टंप आत खाली उतरतो. भार पटेलर टेंडनवरून सरकतो, टिबियाचे टोक सॉकेटच्या तळाला टेकू लागते. वेळीच मोज्यांचा एक थर वाढवला असता तर काही काळ निभावले असते, पण ते त्याला कुणी नीट शिकवलेले नसते. मधुमेहामुळे पाय गेलेल्या रुग्णाची संवेदनाच मंद असते, त्यामुळे कातडी सोलली गेल्याचे त्याला मोज्यावर डाग दिसल्यावर कळते. मग पाय भिंतीला टेकून उभा राहतो आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर येतो. आपल्या अहवालात मात्र तो पाय ‘दिला’ म्हणूनच मोजलेला असतो.

यात शिबिरांना कमी लेखण्याचा हेतू नाही. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला तो अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसाकडे पाहून. आल्या दिवशीच पाय घालून परत पाठवण्याची पद्धतही गरिबाच्या बुडणाऱ्या मजुरीचा विचार करूनच रुजली. ते मोठे काम आहे. पण एका दिवसात पाय बसवता येतो, स्टंप एका दिवसात स्थिरावत नाही.

अमेरिकेतील मेडिकेअर कृत्रिम पायाच्या किमतीतच तो दिल्यानंतरच्या ९० दिवसांतली जुळवाजुळव धरते. नवीन स्टंपच्या मानाने ही मुदत तोकडीच आहे, तरी तत्त्व योग्य आहे. आपल्याकडे बिलात पाय असतो, लायनर असतो, फूट असतो. फेरतपासणी नसते. जी बिलात नसते ती मेहेरबानी ठरते, आणि मेहेरबानी मागायला आपला रुग्ण संकोचतो.

ऑर्थोसिसच्या बाबतीत तर पुरावाच हाताशी आहे. पाठीच्या कण्याच्या वक्रतेवरील ब्रेसचा अमेरिका-कॅनडातील मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रेस दिलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांत वक्रता शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत गेली नाही. नुसते निरीक्षण केलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाला सरासरी १३ तास किंवा त्याहून जास्त ब्रेस घालणाऱ्यांत तर यश ९० टक्क्यांच्या वर गेले. क्लबफूटच्या बाळाचेही तेच. पोन्सेटी पद्धतीने सरळ केलेला पाय पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांपर्यंत झोपेत ब्रेसमध्ये राहिला नाही, तर पुन्हा वळू लागतो. तेव्हा रडणाऱ्या बाळाच्या आईला धीर देणे, पट्टा कुठे काचतो ते पाहणे, बूट लहान झाला की बदलणे हाच उपचार. कास्ट आणि कारागिरी त्याच्या आधी संपलेली असते.

म्हणून आमचे सांगणे थेट आहे. प्रत्येक अंदाजपत्रकात सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने अशा किमान तीन भेटींचे मोल वेगळ्या ओळीत लिहा, आणि शक्य असेल तिथे रुग्णाच्या प्रवासखर्चाचेही. देणगीदार कुरकुर करेल. त्याला सांगा की १०० पाय वाटण्याऐवजी ८० द्या आणि उरलेल्या पैशांत त्या ८० जणांना पुन्हा बोलवा. पाय हाती देताना वेगवेगळ्या जाडीचे मोजे द्या आणि कोणता केव्हा घालायचा हे रुग्णाकडून समोर करवून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टला केसचा कागद पाठवा, म्हणजे लाल झालेली कातडी त्याला आधी दिसेल.

पुढील अंकापासून या मासिकात केंद्रांकडून येणारे काम आम्ही एका अटीवर छापू. किती अवयव बसवले याच्याशेजारी, सहा महिन्यांनी त्यांतले किती रोज वापरात होते, हा आकडा द्यावा लागेल. तो कमी असला तरी चालेल, आम्ही तोही छापू.