ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही

माणकरांनो, जरा मोठं लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या खोलीत सहा पोरं राहतात. त्यातला एक फेज थ्रीमधल्या एका कंपनीच्या गेटवर ठेकेदाराकडून सिक्युरिटीला आहे. मागच्या महिन्यात तो तापाने फणफणला. दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरचा फोन, "ताप उतरला ना? मग ये, नाहीतर खाडा लागेल." पोराने गोळी घेतली आणि नाईटला गेला. आठवडा संपेपर्यंत खोलीतले चौघे आडवे. मग आमचे आण्णा. वय ७४, जुना दमा. पाच दिवस ऑक्सिजनवर होते. आता घरी आहेत.

पोराची चूक नाही. खाडा पडला की हजेरी बोनसही जातो, आणि भाड्याची तारीख कुणासाठी थांबत नाही.

पण एक गोष्ट डोक्यात घ्या. गोळीने ताप उतरतो, व्हायरस जात नाही. साधा फ्लू असेल तर त्रास सुरू होण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस माणूस तो पसरवू शकतो. सगळ्यात जास्त पहिल्या तीन-चार दिवसांत. लहान मुलं त्याहून जास्त दिवस. कोविडचं तर आठ-दहा दिवसांपर्यंत चालतं.

आता नियमाची गंमत बघा. ईएसआयमध्ये आजारपणात पगाराच्या ७०% मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. चांगली सोय आहे. पण नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस भरपाई नाही! म्हणजे ज्या दिवशी माणूस सगळ्यात जास्त आजार वाटतो, नेमक्या त्याच दिवशी घरी बसायचे पैसे नाहीत. याला काय म्हणायचं?

आणि त्याच गेटच्या आत, एसीत बसणाऱ्याला साधी सर्दी झाली तरी वर्क फ्रॉम होम. त्याला मिळतं त्याबद्दल तक्रार नाही. पण गेटवरचा, हाऊसकीपिंगचा, कॅन्टीनचा माणूस घरून काम कसं करणार? व्हायरस आयकार्ड बघून आत सोडत नाही.

काही जण म्हणतील, सुट्टी दिली की सगळे खोटा ताप काढतील. अहो, एकाला पाच दिवस घरी बसवणं महाग, की पाच जण एकदम आडवे पडणं?

दुसरं टोकही नको. कोविडमध्ये "निगेटिव्ह रिपोर्ट आण, मगच ये" म्हणून माणसं अडवली. आरटीपीसीआर मेलेल्या व्हायरसचे तुकडेसुद्धा आठवडे-आठवडे पकडते. म्हणूनच मे २०२१ मध्ये आयसीएमआरने सांगितलं की एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची ती टेस्ट परत करू नका. कागद नको, दिवस मोजा.

पुण्याने हे आधीच भोगलंय. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये इथेच झाला. शाळा, थिएटरं बंद झाली. तरी आपण शिकलो नाही.

मागणी साधी आहे. तापाच्या आजारात ठेकेदारी कामगाराला पाच दिवस भरपगारी रजा, हजेरी बोनस न कापता. पैसे मूळ कंपनीने द्यावेत, कारण काम तिचंच आहे. कामावर परत येताना गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसावा, आणि पुढचे पाच दिवस मास्क.

येत्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. हात वर करायला या.